पाणी मागल्या दाराने आलं: पंचगंगेकाठच्या एका गावाचा पूरनकाशा

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या, पंचगंगेच्या काठावरच्या एका गावाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव लिहिलेलं नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मी जीआयएसचं काम करते, म्हणजे संगणकावर नकाशे बांधायचे आणि त्यांतून हिशेब काढायचे. २०१९ च्या महापुरानंतर या गावाने नकाशा मागितला. आम्ही तो केला. जुलै २०२१ मध्ये त्याची कसोटी लागली आणि त्यातलं काय टिकलं, काय वाहून गेलं ते कळलं. नदीकाठच्या आणखी कुठल्या गावाने असं काम हाती घेतलं तर आमच्याच चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

पार्श्वभूमी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी घेऊन पंचगंगा प्रयाग चिखलीपासून पुढे निघते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. सपाट रान, कमी उतार आणि वळणंच वळणं. पाऊस कोसळतो तो पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीकडे. इकडे ऊन पडलेलं असतानाही नदी चढत राहते. त्यात खाली कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. ते जागेवरच फुगतं, आजूबाजूच्या ओढ्यांत मागे सरतं. आमच्याकडे याला फुगवटा म्हणतात.

पावसाळ्यात जिल्ह्याचा सकाळचा पहिला प्रश्न ‘राजाराम किती?’ असा असतो. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटांत सांगितली जाते: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ काही दिवस बंद राहिला. तिकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी असताना कृष्णा ५७ फुटांवर पोचली.

आता गाव. जुनी वस्ती पांढरीवर आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून, पुन्हा उभी राहून तयार झालेला हा उंचवटा. देऊळ, चावडी, जुने वाडे सगळे त्यावर. पणजोबांच्या पिढीला पाण्याची धाव ठाऊक होती, म्हणून त्यांनी खाली घर बांधलं नाही. पुढे कुटुंबं वाढली, वाटण्या झाल्या आणि नवी घरं उताराला, ओढ्याच्या बाजूला उतरली. नदी गावाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला आहे, ओढा पूर्वेला. बाहेर पडायचा डांबरी रस्ता एकच, आणि तो ओढ्यावरच्या मोरीवरून जातो. पुढचं सगळं या एका मोरीभोवती फिरतं.

अडचण

२०१९ च्या त्या संध्याकाळी माणसं घाटावर जाऊन पायऱ्या मोजत होती. ही जुनी रीत. किती पायऱ्या बुडाल्या यावरून म्हातारी माणसं सांगायची, की आज रात्री पाणी गावात येईल की नाही. त्या संध्याकाळी पायऱ्या शिल्लक होत्या. “अजून चार हैत, सकाळी बघू,” असं म्हणून माणसं घरी गेली. पहाटे ओढ्याकडच्या गल्लीत म्हशी रेकायला लागल्या, तेव्हा गोठ्यात पाणी होतं. जे रस्त्याकडे धावले त्यांना मोरी दिसलीच नाही. नदीने घाटाचा काठ अजून ओलांडलेला नव्हता. पाणी ओढ्यातून उलटं चढलं होतं आणि गाव मागून वेढलं गेलं होतं. पुढचे दिवस पांढरीचं बेट झालं. आजारी माणसांना बोटीतून न्यावं लागलं. बाकीचे माड्यांवर आणि देवळात राहिले.

असं का झालं, याचं कारण नदीच्या स्वभावात आहे. पूर पात्राबाहेर पडतो तेव्हा जड गाळ आधी, म्हणजे काठालाच, टाकतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की काठाची मळी उंच होते आणि तिच्या मागचं काळं रान खोल राहतं. घाटावर उभं राहून पाहणाऱ्याला नदी खाली दिसते आणि धीर येतो. त्याच वेळी ओढ्याच्या तोंडातून तेच पाणी मागच्या खोलगटात भरत असतं. घाटाची पायरी खोटं सांगत नव्हती. ती फक्त घाटापुरतं सांगत होती.

पुरानंतर उपग्रहाच्या छायाचित्रावरून केलेला एक नकाशा गावापर्यंत पोचला. निळ्या रंगात बुडालेला भाग, बाकी कोरडा. गावकऱ्यांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला, कारण ज्या रानात छातीभर पाणी होतं ते त्यात कोरडं दाखवलं होतं. नकाशा करणाऱ्याने आळस केला असं मला वाटत नाही. ढगांमुळे पुराच्या दिवसांत साधं छायाचित्र मिळत नाही, म्हणून रडारचं घ्यावं लागतं. शांत पाण्यावर पडलेली रडारची लहर पलीकडे उडून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, आणि पाणी काळं दिसतं. उघड्या रानात हे चोख चालतं. पण ऑगस्टमध्ये आमच्याकडे ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. लहर पाल्यावरूनच माघारी फिरते, किंवा पाणी आणि खोड यांच्यावर आपटून उलट जास्तच तेजाने परत येते. काळं दिसायला हवं ते उजळ दिसतं, आणि संगणक त्याला कोरडं ठरवतो. उसाच्या जिल्ह्यात पुराचा उपग्रह-नकाशा पाहताना हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

दुसरी उणीव वेळेची. सेंटिनेल-१ सारखा एक उपग्रह त्याच जागेवर त्याच वाटेने साधारण १२ दिवसांनी परत येतो. पूर कळसाला पोचला त्या दिवशी तो डोक्यावर असेलच असं नाही.

आम्ही पहिल्यांदा गावात गेलो तेव्हा मी लॅपटॉपवर हेच छायाचित्र सुधारून दाखवायला लागले होते. सरपंचबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ताई, पाणी कुठवर आलं ते आम्हाला ठाऊक हाय, आम्ही त्यातच हुतो. निघायचं कधी, तेवढं सांगा.”

इथे कामाची दिशा बदलली. तोवर मी ‘कुठपर्यंत’चा नकाशा डोक्यात घेऊन आले होते. गावाला ‘आधी काय बंद होतं, मग काय’ असा क्रमाचा नकाशा हवा होता.

समोरचे पर्याय

सरकारी पूररेषेची वाट पाहणं हा पहिला. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी. या रेषा बांधकामाला आळा घालण्यासाठी आहेत आणि त्या हव्यातच. पण मंगळवारी रात्री किती वाजता म्हशी सोडायच्या, हे त्या सांगत नाहीत.

दुसरा, फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीवरून घरबसल्या नकाशा काढणं. आम्ही हा करून पाहिला. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीची उंची घेतली, कार्टोसॅट या भारतीय उपग्रहावरून केलेली घेतली, जवळच्या ओढ्यापासून प्रत्येक तुकडा किती उंच आहे ते काढलं आणि क्यूजीआयएस या नकाशे बांधायच्या मोफत प्रणालीत रंग भरले. नकाशा देखणा झाला आणि चुकीचा निघाला. एक तुकडा ३० मीटरचा; त्यात आपली मोरी, रस्त्याचा भराव, ओढ्याचं पात्र सगळं विरघळून जातं. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरांत नोंदलेली असते आणि गावाचं सगळं भवितव्य तर दोन-तीन फुटांत अडकलेलं. शिवाय उपग्रहाला दिसतं ते जमिनीचं तळ नव्हे, वरचं आवरण. देवळामागची चिंचेची झाडं त्या नकाशात टेकडी होऊन बसली होती.

तिसरा, नदीचं गणिती प्रारूप. हेक-रास ही प्रणाली मोफत मिळते आणि उत्तम आहे. पण तिला नदीचे आडवे छेद लागतात, विसर्गाच्या नोंदी लागतात, खाली कृष्णेची पातळी काय धरायची ते ठरवावं लागतं, आणि उसाने भरलेलं रान पाण्याला किती अडवतं याचा अंदाजही. यातलं बरंचसं आमच्याकडे नव्हतं. अंदाजांवर अंदाज रचून आलेलं उत्तर दशांशापर्यंत नेमकं दिसतं, म्हणून जास्त धोक्याचं.

चौथा पर्याय सगळ्यात जुना होता: गावातच जाऊन जमीन मोजायची, पुराच्या खुणा मोजायच्या आणि त्या दोन्ही जीआयएसमध्ये एकत्र बसवायच्या. वेळखाऊ, घाम काढणारा आणि फक्त एका गावापुरता. आम्ही हा घेतला.

काय केलं

मोजणी जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये केली. त्याआधी करता आली नसती, कारण ऊस उभा असताना ऑटो लेव्हलला, म्हणजे उंची मोजायच्या दुर्बिणीला, समोरचा स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) दिसत नाही. ऊसतोड झाली तसतशी रानं मोकळी होत गेली आणि आम्ही टोळ्यांच्या मागोमाग सरकलो. यंत्र एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून मागून आणलं. स्टाफ धरायला तालमीतली पोरं होती. चार दिवसांत ती माझ्यापेक्षा सरळ धरायला लागली.

उंची कशापासून मोजायची, हा पहिला निर्णय. समुद्रसपाटीपासून मोजायचं तर दूरच्या पक्क्या खुणेपासून उंची ओढत आणावी लागते. आम्ही सोपी वाट धरली. देवळाच्या जोत्यावरच्या एका दगडाला १०० मीटर मानलं आणि सगळं त्याच्या खाली-वर मोजलं. गावाचा प्रश्न एकमेकांच्या तुलनेचा होता, त्यामुळे तेव्हा हे पुरेसं वाटलं. पुढे त्याची किंमत मोजावी लागली.

दगडापासून निघून गल्ल्या, मोरी, घाट, शाळा असा फेरा मारत परत त्याच दगडापाशी आलो तेव्हा चूक दोन सेंटिमीटरच्या आत होती. सगळ्यात महत्त्वाचा आकडा पहिल्याच दिवशी हाती लागला: मोरीवरचा रस्ता घाटाच्या वरच्या पायरीपेक्षा जवळजवळ दीड मीटर खाली होता. गावातल्या कुणालाच हे खरं वाटेना. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, आणि तो बैलगाडीच्या काळापासूनचा, अंगवळणी पडलेला. तात्या म्हणून ज्यांना सगळे मानतात ते यंत्राला डोळा लावून बसले, स्टाफ मोरीवर उभा करायला लावला, मग घाटावर. दोनदा. उठले आणि काही न बोलता चावडीकडे चालू लागले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक घरात खुणा दाखवायला तेच आमच्या पुढे.

पुराच्या खुणांचं काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. भिंतीवरची गाळाची रेघ, खिळा, कोळशाने ओढलेली रेषा, दाराच्या चौकटीवर विळ्याने पाडलेली खाच. २००५ ची वेगळी, २०१९ ची वेगळी. माणसं पाण्याबद्दल खोटं बोलत नाहीत, पण आठवण सरकते. तपासायला एक साधा नियम हाती होता. फुगवट्याचं पाणी जवळजवळ संथ असतं, म्हणजे एका गल्लीतल्या सगळ्या खुणा एकाच उंचीला यायला हव्यात. आल्याही, एक सोडून. ओढ्याकडच्या गल्लीतल्या एका मावशींच्या चौकटीवरची २०१९ ची खाच शेजाऱ्यांपेक्षा दीड फुटाने वर निघाली. पुन्हा मोजली, तीच. मावशी ठाम: “माझ्या हातानं पाडल्या खाच, दुसऱ्या कुणी न्हाई.” पोरांनी हळूच म्हटलं, म्हातारीला आठवत नसेल. मी ती खूण वगळायला निघालेच होते. निघताना मावशींनी चहा ठेवला आणि बोलता बोलता सांगितलं, की पुरानंतर लेकाने जोतं उचलून घेतलं, सागवानी चौकट टाकवेना म्हणून तीच परत बसवली. खाच खरी होती. चौकटच दीड फूट वर गेली होती. तेवढं वजा केल्यावर ती खूण गल्लीत सगळ्यात अचूक ठरली. तेव्हापासून खुणेच्या प्रत्येक नोंदीशेजारी मी एक रकाना ठेवते: ‘पुरानंतर घरात काय बदललं?’

मोजलेले बिंदू क्यूजीआयएसमध्ये घेतले आणि त्रिकोणांच्या जाळ्याने जमीन उभी केली. रस्त्याचे भराव, ओढ्याचे काठ आणि पांढरीची कड या रेषा वेगळ्या सक्तीच्या करून टाकल्या. नाहीतर संगणक दोन बिंदूंमध्ये सरळ उतार कल्पून ओढाच बुजवून टाकतो. मग पाण्याची पातळी थोडी थोडी वर नेत प्रत्येक वेळी पाहत गेलो, की काय कशाशी तुटतं.

क्रम असा निघाला. आधी मोरी. मग ओढ्याकडच्या दोन गल्ल्या. त्याच सुमारास शाळेकडे जाणारी वाट. आणि इथे सगळे गप्प झाले, कारण शाळा हेच गावाचं ठरलेलं निवारा केंद्र होतं. शाळेची इमारत उंचावर, कोरडी. पण तिथे पोचायची वाट अशा वेळी बुडते, जेव्हा माणसं घरातून निघायचा विचार करायला लागतात. निवारा केंद्र मोरीपलीकडच्या माळावरच्या गावात हलवावं, असं ग्रामसभेत ठरलं. नकाशाचा सगळा खर्च या एका ठरावात वसूल झाला असं मला आजही वाटतं.

पातळी ओळखायची कशी? राजारामच्या फुटांवर सगळं बांधणं सोयीचं होतं, आकडा रोज फोनवर येतो. पण राजाराम तीच पातळी दाखवत असताना गावात पाणी कमी-जास्त असतं, कारण खालून कृष्णा किती अडवते आहे ते त्या आकड्यात येत नाही. म्हणून मोरीच्या खांबावरच ऑइलपेंटने पट्ट्या मारल्या. पिवळी म्हणजे तयारी. लाल म्हणजे निघा. रात्री बॅटरी मारून वाचता येतील एवढ्या रुंद.

लाल पट्टी रस्त्याच्या किती खाली मारायची यावर चावडीत दोन तास गेले. मी दोन फूट म्हणत होते. “एवढ्या लवकर कोण निघतंय ताई? सकाळचं दूध घालायचं असतंय,” असं म्हणणारे बरेच होते. शेवटी एक फुटावर तडजोड झाली. माणसांना न पटणारी खूण कुणी पाळणार नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि मान हलवली.

तासांचा आग्रहही झाला: लाल पट्टीनंतर रस्ता बंद व्हायला किती तास, ते नकाशावर लिहा. यावर मात्र मी हटले नाही. पाणी किती वेगाने चढेल हे घाटमाथ्यावरचा पाऊस, राधानगरी धरणाचे दरवाजे आणि कृष्णा मिळून ठरवतात. तास छापले असते तर माणसं पट्टी सोडून घड्याळाकडे बघत बसली असती.

जमिनीच्या भावाचा मुद्दा निघणारच होता. ओढ्याकडे प्लॉट पाडलेल्या एकाने उभं राहून विचारलं, की तुमच्या रंगामुळे गिऱ्हाईक फिरकायचं नाही, त्याचं काय? आम्ही गट नंबर आणि प्लॉटच्या हद्दी नकाशावरून काढून टाकल्या, गल्ल्या आणि वाटा तेवढ्या ठेवल्या, आणि खाली ठळक लिहिलं: हा नकाशा वेळेत बाहेर पडण्यासाठी आहे, बांधकाम परवानगीसाठी नाही. नकाशा चावडीवर लागला तो या तडजोडीमुळे. तरी माझं मन त्यावर अजून स्वस्थ नाही. त्यानंतर त्या खोलगटात दोन घरं उभी राहिली.

जुलै २०२१

चिपळूण बुडालं तो २२ जुलै. त्याच पावसाने पंचगंगाही चढवली, आणि २०१९ पेक्षा जास्त वेगाने. राजारामला पातळी ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ च्याही पुढे.

मोरीवरची पट्टी वाचायचं काम तालमीच्या पोरांनी पाळीपाळीने केलं आणि वहीत लिहिलं. पिवळी पट्टी बुडाल्यावर ओढ्याकडच्या दोन गल्ल्यांतल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं माळावरच्या गावात गेली. लाल पट्टी बुडाली तेव्हा संध्याकाळ होती, आणि मधला एक फूट बघता बघता गेला. शेवटचा टेम्पो मोरीवरून गेला तेव्हा चाकं पाण्यात होती. राजारामला ४३ फुटांची धोका पातळी यायच्या आतच आमची मोरी बंद झाली होती. रेडिओवरचा ‘धोका’ शब्द ऐकून निघायचं ठरवलं असतं तर गाव पुन्हा अडकलं असतं.

त्या रात्री घाटावर पायऱ्या उरल्या होत्या, हेही वहीत आहे. तात्यांनी ते मुद्दाम लिहायला लावलं.

जीवितहानी झाली नाही. पण नकाशाने तीन ठिकाणी दगा दिला, आणि तिन्हींचं कारण नकाशाच्या आखणीत होतं.

पहिलं, मळ्यातली वस्ती. गावठाणाबाहेर, ओढ्याच्या वरच्या अंगाला काही घरं रानात आहेत. आम्ही मोजणी गावठाणापुरती धरली होती. त्या वस्तीची पाणंद मोरीच्याही आधी बुडाली, आणि मोरीची पिवळी पट्टी त्यांच्या काहीच कामाची नव्हती. त्या कुटुंबांना बोटीने काढावं लागलं. मोजणीच्या दिवसांत त्यातल्याच एका घरी आम्ही दुपारची भाकरी खाल्ली होती.

दुसरं, शेवटची रेषा. नकाशावरची सगळ्यात बाहेरची रेषा २०१९ च्या खुणांची होती. तिच्या पलीकडे पांढरा कागद. त्या रेषेला लागून बाहेर असलेल्या घरांनी कागदाचा अर्थ सरळ घेतला: आपण सुटलो. पाणी २०१९ च्या खुणेच्या वीतभर वर आलं. उंचीत वीतभर, पण सपाट गल्लीत तेवढंच पाणी आडवं पसरलं तर पाच-सहा घरं खातं. त्या घरांतलं धान्य, अंथरुणं, एकाची पिठाची गिरणी भिजली. आम्ही रेषा काढली नसती तर कदाचित त्यांनी सामान माडीवर नेलं असतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

तिसरं, जनावरं. माणसं कुठे जायची ते नकाशावर होतं, म्हशी कुठे बांधायच्या ते नव्हतं. त्यामुळे बायका-पोरं पुढे गेली आणि घरटी एक पुरुष दावणीपाशी थांबला. पुराच्या गावात माणूस हट्टाने मागे राहतो असं बाहेरून वाटतं. तो हट्ट नसतो. म्हैस हे त्या घराचं महिन्याचं उत्पन्न असतं, आणि ती सोडून गेलं तर परत येऊन खायचं काय, हा प्रश्न असतो.

पुन्हा करायचं झालं तर

२०२१-२२ च्या ऊसतोडीत आम्ही परत गेलो. पाणंदी मोजल्या, मळ्यातल्या वस्तीसाठी वेगळी पट्टी एका विजेच्या खांबावर मारली. मोरीवरची लाल पट्टी दोन फुटांवर आणली. या वेळी कुणी हरकत घेतली नाही. बाहेरची रेषा पुसली. तिच्या जागी फिकट होत जाणारा पट्टा आहे, आणि त्यावर लिहिलं आहे: ‘इथपर्यंत पाणी आलेलं आहे. पुढे येणार नाही असं नाही.’ माळावर जनावरं बांधायची जागा, पाण्याची टाकी आणि तिकडे जायची वाट नकाशावर आली.

मुळापासून करायचं झालं तर मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी वेगळी करेन: देवळाच्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची तेव्हाच काढून घेईन. आमचे १०० मीटर फक्त आमचे होते. शेजारच्या गावाने आमचा नकाशा मागितला तेव्हा दोन्ही गावांच्या पातळ्या जोडता येईनात, आणि सरकारी पूररेषेशी पडताळाही घेता येईना. पुढे डीजीपीएसने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून अचूक मोजणाऱ्या यंत्राने, ती उंची आणली आणि सगळं एका मापात बसवलं, पण एक हंगाम त्यात गेला.

दुसरी गोष्ट, मोजणीला कोण बरोबर असतं ही. आमच्या पहिल्या फेरीत स्टाफ पोरांच्या हातात होता आणि चावडीत पुरुष बोलत होते. गोठ्यात पाणी आधी कुठल्या कोपऱ्यातून शिरतं, न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटं कधी येतं, हे बायकांना माहीत होतं. न्हाणीतून उलटं येणारं पाणी म्हणजे गल्लीतली पहिली सूचना, रस्ता भिजायच्याही आधीची. हे आम्हाला दुसऱ्या फेरीत, बचत गटाच्या बैठकीत कळलं.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली. या वेळी पिवळ्या पट्टीला आधी म्हशी निघाल्या, मग माणसं. मळ्यातली वस्ती त्यांच्या खांबावरच्या पट्टीवरून निघाली.

पोरांच्या वहीत आता अनेक पावसाळे भरले आहेत. एका रकान्यात मोरी, शेजारी राजाराम. पानं उलटली की दिसतं, राजारामची तीच पातळी दोन वेगळ्या दिवशी मोरीवर हातभर फरकाने उतरलेली आहे. तो फरक कृष्णेचा. यंदा वहीत तिसरा रकाना आखला आहे, नृसिंहवाडीचा. तिथली पातळी रोज सकाळी फोनवर सांगायचं तिथल्या एका ओळखीच्या काकांनी कबूल केलं आहे.